दारा शुकोहचे अक्षर

दारा शुकोह म्हटला की उपनिषदांचा १६५७ मधील फार्सी अनुवाद आठवतो. त्याच्या हस्ताक्षराकडे मात्र फारसे कुणाचे लक्ष जात नाही. अजमेरला १६१५ साली जन्मलेल्या शाहजहानच्या या ज्येष्ठ पुत्राने अरबी अक्षरांना झोकदार वळण देणारी नस्तालिक लिपी इराणहून आलेल्या अब्दुर रशीद दैलमींकडे गिरवली. सूफींचे काव्य याच लिपीत शोभे. मुल्ला शाह या सूफी कवीचा अनुग्रह लाभल्यावर दारा स्वतःही ‘कादिरी’ या पंथनामाने काव्य रचू लागला. १६५९ मध्ये औरंगजेबाने धर्मभ्रष्टतेचा ठपका ठेवून त्याचा वध करविला. पुढे त्याच्या कित्येक लेखनपत्रांवरील सही खरवडली गेली. अक्षरे मात्र राहिली. नाव खोडणाऱ्यालाही ते वळण नष्ट करवले नसावे.