मार्गारेटे श्टाइफ आणि तिचा फेल्टचा हत्ती

राजे, सेनापती व शास्त्रज्ञ ह्यांची चरित्रे आमच्या विद्यार्थ्यांच्या वाचनात नेहमीच येतात. यास्तव ह्या वेळी आम्ही एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीचे चरित्र त्यांच्यापुढे ठेवीत आहो. तिला जन्मभर चालता आले नाही व तिचा उजवा हातही अधू होता. तथापि तिच्या सुईतून निघालेली खेळणी साता समुद्रांपलीकडील मुलांच्या कुशीत जाऊन निजली. ह्या स्त्रीचे नाव मार्गारेटे श्टाइफ.

आज जर्मनीत मोडणाऱ्या आणि त्या काळी स्वतंत्र राज्य असलेल्या वुर्टेंबर्गमध्ये, ब्रेन्त्स नदीच्या काठी गींगेन नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथे इ. स. १८४७ च्या जुलै महिन्याच्या २४ तारखेस मार्गारेटेचा जन्म झाला. तिचा बाप फ्रीड्रिश श्टाइफ हा इमारती बांधणारा मिस्त्री होता. घरात दोन वडील बहिणी होत्या व पुढे एक धाकटा भाऊ झाला. स्थिती बेताची, आई शिस्तीची व कष्टाळू.

मूल दीड वर्षाचे झाले तोच त्यास एकाएकी ताप भरला. ताप उतरला, परंतु डावा पाय पूर्णपणे लुळा पडला, उजवा पाय बहुतांशी निकामी झाला आणि उजवा हात उचलताना वेदना होऊ लागल्या. हा पोलिओचा रोग होय. त्या काळी त्यावर उपाय नव्हता. प्रतिबंधक लस उपयोगात आली ती १९५५ साली. आपल्या देशात तर घरोघरी फिरून बालकांस थेंब पाजण्याचे काम अनेक वर्षे चालले, तेव्हा कोठे २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याचे जाहीर झाले. आमच्या विद्यार्थ्यांस हा रोग केवळ पुस्तकातून ठाऊक आहे, हे त्यांचे मोठे भाग्य समजले पाहिजे.

मार्गारेटेच्या आईस एकच घोर लागून राहिला: आपल्या पश्चात ह्या मुलीचे कोण करील? परंतु मुलगी स्वभावाने आनंदी व बोलकी निघाली. भावंडे व शेजारची मुले तिला लहानशा गाड्यात बसवून शाळेपर्यंत ओढीत नेत आणि तेथून एक बाई तिला उचलून वर्गात नेऊन बसवीत असे. खेळाच्या वेळी ती गाड्यात बसूनच इतर मुलांस नवेनवे खेळ सुचवी.

१८५६ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तिला लुडविग्सबुर्ग येथील डॉक्टर वेर्नर ह्यांच्या बालरुग्णालयात नेण्यात आले. तेथे तिच्या पायावर शस्त्रक्रिया झाली. पुढे विल्डबाड येथील ऊन पाण्याच्या झऱ्यांवर स्नानांचा उपचारही झाला. घरच्या माणसांनी पदरमोड करून हे सर्व केले. परंतु मुलगी जशी गेली तशीच परत आली. त्यानंतरही कित्येक वर्षे बरे होण्याची आशा तिच्या मनात होतीच. अखेर सतराव्या वर्षाच्या सुमारास तिने मनाशी पक्के ठरविले की, जे शरीर मिळाले आहे त्यानेच आता काम करावयाचे; उपचाराच्या शोधात आयुष्य दवडावयाचे नाही. आमच्या मते तिच्या चरित्रातील खरे वळण हेच होय. ह्यास कोणी निराशा म्हणतील. आम्हांस मात्र ती मोठी धीराची गोष्ट वाटते. कारण खोट्या आशेत अडकलेली शक्ती येथे मोकळी झाली आणि कामास लागली.

ते काम म्हणजे शिवण. अधू हातामुळे प्रारंभी सुईचा प्रत्येक टाका तिला जड जाई. तरी शिवणाच्या शाळेत जाऊन तिने ती विद्या नेटाने साध्य केली. तिच्या वडील बहिणींनी कपडे शिवण्याचा धंदा काढला होता. त्यात ती सामील झाली. पुढे घरात शिवणयंत्र आले. गावातील ते पहिलेच यंत्र होते असे सांगतात. आता त्या यंत्राचे चाक उजव्या बाजूस, आणि हिचा तर उजवाच हात अधू! मार्गारेटेने काय केले? तिने यंत्रच फिरवून उलटे ठेविले, म्हणजे चाक डाव्या हाताशी आले. युक्ती किती साधी! हात यंत्राजोगा करता येईना, तेव्हा तिने यंत्र हाताजोगे करून घेतले. पुढे बापाने घराचा काही भाग बदलून तिला शिवणाची खोली करून दिली, आणि १८७७ साली मार्गारेटेबाईंनी स्वतःचे दुकान थाटले.

त्या दुकानातील मुख्य माल फेल्टचे परकर व इतर कपडे हा होता. फेल्ट म्हणजे काय, हे येथे सांगितले पाहिजे. साहेबी टोपी ज्याची होते किंवा घोड्याच्या खोगिराखाली जो नमदा घालतात, त्याच जातीचे हे कापड आहे. ते मागावर विणीत नाहीत. लोकरीच्या तंतूवर अतिसूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी व दाब मिळाला म्हणजे ते एकमेकांत गुंततात आणि लोकरीचा सलग थर बनतो. त्यात उभा-आडवा धागा नसल्यामुळे कापलेल्या कडेचे सूत सुटत नाही, आणि म्हणून कड दुमडून शिवण्याचे कारण पडत नाही. बाईंच्या आप्तांपैकीच एकाचा गींगेनमध्ये फेल्टचा कारखाना असल्यामुळे हा माल त्यांस जवळच मिळत असे.

१८७९ च्या डिसेंबरात एका फॅशनविषयक मासिकात बाईंनी लहानशा हत्तीचा नमुना पाहिला. त्यावरून त्यांनी फेल्टचा हत्ती बेतला, आत लोकर भरली व टाचण्या टोचून ठेवण्याची गादी म्हणून असे काही हत्ती आप्तस्त्रियांस भेट दिले. परंतु घरोघरच्या मुलांनी त्या गाद्या पळविल्या. टाचण्या बाजूस राहिल्या आणि हत्ती मुलांच्या खेळात शिरला! त्या काळची खेळणी बहुधा लाकडाची, पत्र्याची किंवा चिनी मातीची असत. पडली तर फुटत, उराशी धरली तर बोचत. हा हत्ती मऊ, हलका व न मोडणारा. मुलांस जे हवे होते ते मोठ्यांच्या ध्यानात आले नव्हते. मुलांनीच ते उचलून दाखविले. बाईंचे मोठेपण असे की, त्यांनी मुलांच्या हातून गादी परत घेतली नाही. मुलांच्या हातांकडे नीट पाहिले आणि आणखी हत्ती शिवावयास घेतले.

त्यांचा भाऊ फ्रिट्स ह्याने हे हत्ती जवळच्या हाइडेनहाइम येथील बाजारात नेले, आणि ते भराभर खपले. १८८६ च्या सुमारास खपाचा आकडा पाच हजारांवर गेला. मग माकडे, गाढवे, घोडे, उंट, डुकरे, कुत्री, मांजरे, ससे असा सारा परिवार तयार झाला. १८९३ साली फेल्टच्या खेळण्यांचा कारखाना म्हणून धंद्याची सरकारी नोंद झाली. नव्या खेळण्याचा पहिला नमुना बाई स्वतः शिवून पाहत. शिवण कोठे उसवेल, मूल कोठे ओढील, हे पारखल्यावाचून माल बाहेर जात नसे. मुलांसाठी म्हणून हलका माल चालेल, हा विचारच त्यांस मान्य नव्हता.

फ्रिट्सचे मुलगे मोठे होऊन आत्याच्या हाताखाली आले. त्यांपैकी रिखार्ड ह्याने श्टुटगार्ट येथे कलेचे शिक्षण घेतले होते व तेथील प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची पुष्कळ चित्रे काढिली होती. १९०२ साली त्याने हातपाय हलणारे, लव असलेल्या कापडाचे अस्वल तयार केले. बाईंस प्रारंभी ह्या महागड्या खेळण्याविषयी शंका होती. परंतु १९०३ साली लाइप्झिगच्या जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने एकदम तीन हजार अस्वले मागविली. योगायोग असा की, १९०२ सालीच अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनी शिकारीत, बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्याचे नाकारिले होते. त्या प्रसंगाचे व्यंगचित्र वर्तमानपत्रात झळकले आणि ते अस्वल लोकांचे लाडके झाले. ब्रुकलिन येथील मॉरिस मिक्टम ह्या दुकानदाराच्या घरीही त्यावरून कापडी अस्वल शिवले गेले. रूझवेल्टसाहेबांचे लाडके नाव टेडी; तेच ह्या खेळण्यास चिकटले. १९०७ साली एकट्या गींगेनच्या कारखान्यात सुमारे ९,७४,००० अस्वले झाली. त्या वेळी कारखान्यात चारशे माणसे कामास होती, व सुमारे अठराशे माणसे आपापल्या घरी बसून काम करीत.

दुसरे लोक नक्कल करू लागले, तेव्हा १९०४ पासून प्रत्येक खेळण्याच्या कानात धातूची एक गुंडी बसविण्यात येऊ लागली. ती खूण आजही चालू आहे. १९०३ साली बांधलेल्या काचेच्या भिंतींच्या इमारतीत भरपूर उजेड येई, आणि बाईंची चाकांची खुर्ची वरच्या मजल्यावर जावी म्हणून तेथे उतरता रस्ता ठेविला होता. १९०९ च्या मे महिन्याच्या ९ तारखेस न्यूमोनियाने त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय एकसष्ट वर्षांचे होते.

हे चरित्र वाचून आमच्या मुलामुलींनी निदान एक प्रयोग करून पाहावा. धाकट्या भावंडास जो प्राणी किंवा गोष्टीतील जे पात्र अत्यंत आवडते, त्याची हातात घालावयाची बाहुली फेल्टची शिवावी. हात कागदावर पसरून ठेवावा व त्याभोवती दोन बोटे जागा सोडून डोके व दोन हात ह्यांची आकृती काढावी. तिच्याबरहुकूम फेल्टचे दोन सारखे तुकडे कापावे. डोळे, नाक व तोंड पुढच्या तुकड्यावर आधीच शिवून घ्यावे, कारण मागाहून आत सुई चालविणे कठीण जाते. भावंड अगदी लहान असेल तर डोळ्यांस गुंड्या न लावता ते दोऱ्यानेच भरावे. गुंडी तुटून तोंडात जाण्याचे भय असते. मग दोन्ही तुकडे जुळवून, कान मध्ये धरून, काजास घालतात तसा टाका कडेने घालीत जावे व खालची बाजू उघडी ठेवावी. तर्जनी डोक्यात, अंगठा व मधले बोट दोन हातांत घातले की बाहुली मान हालवू लागते. मळली तर ऊन पाण्यात मात्र बुडवू नये, लोकर आटते. आणि शिवून झाल्यावर ती लहानग्याच्या हाती देऊन तो काय करितो ते पाहावे. बाहुलीत काय उणे आहे, ते तोच दाखवील.

पालकांसही आमची एक विनंती आहे. एखाद्या घरी चालण्यास, पाहण्यास किंवा ऐकण्यास अडचण असलेले मूल असते, आणि ह्याचे पुढे कोण करील ही चिंता आईबापांस रात्रंदिवस जाळीत असते. ती चिंता खोटी नाही. मार्गारेटेच्या आईनेही तीच वाहिली. परंतु त्या मुलीस गाड्यात घालून शाळेत नेण्यात आले, सुई हाती देण्यात आली आणि यंत्र उलटे ठेवू देण्यात आले. जिचे कोण करील असा प्रश्न होता, तिच्या उद्योगावर पुढे शेकडो घरांच्या चुली पेटल्या.