हिप्परग्याचे मुख्याध्यापक

दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यातील शाळा-कचेऱ्यांवर ध्वज चढतो, स्वामी रामानंद तीर्थांच्या प्रतिमेला हार पडतो आणि भाषणांतून निजामी राजवटीविरुद्धच्या लढ्याची उजळणी होते. हे योग्यच आहे. मात्र भगव्या वस्त्रांतील सेनापतीच्या या चित्राआड दुसरा एक माणूस झाकला गेला आहे. तो म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील, आज लोहारा तालुक्यात मोडणाऱ्या हिप्परगा या गावी राष्ट्रीय शाळा चालविणारा मुख्याध्यापक. स्वामीजी राजकारणात पूर्ण वेळ उतरले ते १९३८ मध्ये. त्याआधीची जवळजवळ नऊ वर्षे ते शाळामास्तर होते, आणि लढा संपल्यावर दोनच वर्षांत ते पुन्हा शिक्षणसंस्थेकडेच वळले. खेड्यातल्या मुलाने शिकावे कोठे आणि शिकून करावे काय, हा आजही न सुटलेला प्रश्न ज्यांना छळतो, त्यांनी स्वामीजींच्या चरित्रातील ही बाजू पुन्हा वाचली पाहिजे.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भगवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. कानडी मुलखात जन्मलेल्या या मुलाचे पुढील शिक्षण सोलापुरास झाले. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले आणि त्या दुःखाच्या भरात या विद्यार्थ्याने आजन्म अविवाहित राहून देशसेवा करण्याची प्रतिज्ञा केली. लगोलग असहकाराची हाक आली. सरकारी शिक्षणावर बहिष्कार घालणाऱ्यांत खेडगीकर होते. ते अमळनेरच्या राष्ट्रीय शाळेत गेले, तेथून पुण्याच्या टिळक महाराष्ट्र विद्यापीठात, आणि तेथे लोकशाहीच्या विकासावर प्रबंध लिहून पदव्युत्तर पदवीपर्यंत पोहोचले.

येथे जरा थांबले पाहिजे. ही पदवी विद्वत्तेच्या दृष्टीने कमी प्रतीची नव्हती, परंतु ती सरकारदरबारी ग्राह्य नव्हती. तिच्या बळावर कचेरीत कारकुनी मिळणे अवघड, मग मामलेदारीची गोष्ट दूरच. राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीचा इतिहास सांगताना आपण तिच्या तेजस्वी गुरुजनांविषयी बोलतो. तिच्या शाळा एकामागून एक का ओस पडल्या, हे मात्र सांगत नाही. १९२१ मध्ये उत्साहाने बाहेर पडलेली कित्येक मुले वर्ष-दोन वर्षांत पुन्हा सरकारी शाळांत परतली. त्यांना भेकड ठरविणे सोपे आहे. घरी खाणारी तोंडे चार आणि हातातल्या प्रमाणपत्राला बाजारात किंमत नाही, अशा स्थितीत बाप मुलाला काय सांगणार? खेडगीकरांनी संसारच मांडायचा नाही असे ठरविले असल्याने हा पेच त्यांच्यापुरता सुटला होता. पण सर्व विद्यार्थ्यांनी ब्रह्मचारी राहावे, हे काही शिक्षणाचे धोरण होऊ शकत नाही.

शिक्षणानंतर त्यांनी काही काळ कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांच्या हाताखाली काम केले. हा भाग चरित्रकार दोन ओळींत उरकतात, परंतु या संदर्भात तो मोलाचा आहे. जोशी हे मूळ शिक्षक. १९११ मध्ये त्यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगावात रात्रशाळा व वाचनालये उघडली. १९२० मध्ये अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली, तिच्या संस्थापकांत ते अग्रणी होते. दिवसभर साच्यावर उभा राहणारा माणूस शिकू शकतो, फक्त शाळेने त्याच्या सवडीची वेळ आणि त्याच्या चाळीची जागा गाठली पाहिजे, हे जोशींच्या कार्यामागचे साधे गृहीत होते. अशा माणसाच्या सहवासात राहिलेल्या तरुणाला श्रमाचे आणि शिक्षणाचे नाते पुस्तकातून शिकावे लागले नसणार.

खेडगीकर १९२९ च्या सुमारास हिप्परग्यास आले. तेथील राष्ट्रीय शाळा व्यंकटराव देशमुख आणि अनंतराव कुलकर्णी यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली होती. हैदराबाद संस्थानात अशी शाळा चालविणे म्हणजे काय, याची कल्पना आज येणे कठीण आहे. खासगी शाळा काढण्यास सरकारची परवानगी लागे आणि ती सहजी मिळत नसे. माध्यमिक शिक्षणाचे व राज्यकारभाराचे माध्यम उर्दू होते. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ देशी भाषेतून उच्च शिक्षण देणारे म्हणून गौरविले गेले आणि तो प्रयोग मोठाच होता, परंतु ती देशी भाषा मराठी, तेलुगू वा कानडी बोलणाऱ्या बहुसंख्य प्रजेची नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी या संस्थानात शंभरांपैकी दहा माणसेही साक्षर नव्हती, यामागे दारिद्र्याइतकाच हा भाषेचा उंबरठाही होता.

हिप्परग्याने तो उंबरठा काढून टाकला. शाळा मुलाच्या भाषेत होती आणि मुलाच्या मुलखात होती. शिक्षक अल्प वेतनावर, विद्यार्थ्यांच्या सहवासात राहत. बाबासाहेब परांजप्यांसारखे पुढे नावारूपाला आलेले कार्यकर्ते याच परिवारातले. राष्ट्रीय शाळांच्या रीतीप्रमाणे पुस्तकाबरोबर हाताच्या कामालाही येथे मान होता. याच वास्तव्यात खेडगीकरांनी संन्यास घेतला आणि ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. दीक्षा घेऊन ते कोणत्या मठात गेले नाहीत, दुसऱ्या दिवशी शाळेतच होते, ही गोष्ट त्यांच्या संन्यासाविषयी पुरेसे सांगते.

तथापि हिप्परग्याची मर्यादाही त्यांना दिसली असली पाहिजे. गावात येऊन शिकविणे हा अर्धा भाग झाला. गावातून पुढे जाण्याची वाट दाखविणे हा उरलेला अर्धा, आणि मान्यतेवाचून ती वाट बंद होती. १९३५ मध्ये स्वामीजी सहकाऱ्यांसह अंबाजोगाईस, तेव्हाच्या मोमिनाबादेस, गेले. योगेश्वरी नूतन विद्यालयाची उभारणी त्यांच्या मुख्याध्यापकपदाच्या काळात झाली आणि ते गाव पुढे मराठवाड्याच्या विद्याक्षेत्रांत गणले जाऊ लागले.

१९३८ नंतरचा इतिहास सर्वश्रुत आहे. महाराष्ट्र परिषद, स्टेट काँग्रेसवरील बंदी, सत्याग्रह, तुरुंगवास, १५ ऑगस्ट १९४७ रोजी तिरंगा फडकविल्याबद्दल झालेली अटक आणि १७ सप्टेंबर १९४८ ची मुक्तता. त्यातील एक प्रसंग मात्र विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावा. १९३८ मध्ये वसतिगृहात वंदे मातरम् म्हटल्यावरून उस्मानिया विद्यापीठाने शेकडो विद्यार्थ्यांना काढून टाकले. त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यापैकीच एक. एका विद्यापीठाचे दार लागले तेव्हा दुसऱ्याचे उघडे होते आणि दुसऱ्याने पहिल्याचे शिक्षण मान्य केले, म्हणून ती पिढी वाया गेली नाही.

मुक्तीनंतर स्वामीजींपुढे सत्तेची वाट मोकळी होती. ते १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून लोकसभेवर गेले. कुळांच्या हक्कांसाठी ते आग्रही राहिले आणि हैदराबाद राज्याच्या भाषावार विभाजनाचा त्यांनी पुरस्कार केला. मंत्रिपद मात्र त्यांनी स्वीकारले नाही. १९५० मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि पीपल्स कॉलेज सुरू झाले. तोवर मराठवाड्यात महाविद्यालयीन शिक्षणाची सोय औरंगाबादपुरती होती. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच पुढचे मिलिंद. दोन अगदी भिन्न मार्गांनी आलेल्या दोन पुरुषांनी एकाच वर्षी, एकाच मागास मुलखात महाविद्यालये काढावीत आणि दोन्हींच्या मुळाशी लोकांचे नाव असावे, हा योगायोग नजरेआड करण्याजोगा नाही.

हिप्परगा आणि नांदेड यांत मोठा फरक होता. नांदेडचे महाविद्यालय विद्यापीठाशी संलग्न होते. तेथे मिळविलेली पदवी कचेरीत चालत होती, पुढच्या वर्गात चालत होती. बिनमान्यतेच्या विद्यापीठाच्या पदवीधराने आपल्या विद्यार्थ्यांना मान्यतेची पदवी मिळेल अशी तजवीज केली. याला कोणी तडजोड म्हणेल. परंतु ज्याच्या बापाला दोन एकर कोरडवाहू आहे, त्या मुलाच्या बाजूने पाहिले तर हा शहाणपणा होता.

अमेरिकेत ज्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात, त्या संस्थांचे मर्म असेच आहे. घराजवळ असावे, शुल्क थोडे असावे, दोन वर्षांत एखादा धंदा हाती यावा आणि ज्याला पुढे जायचे आहे त्याची दोन वर्षे चार वर्षांच्या पदवीत जमेस धरली जावीत. आपल्याकडे पाँडिचेरी विद्यापीठाने १९९५ मध्ये असे महाविद्यालय काढले. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये चालू महाविद्यालयांतून स्थानिक उद्योगांच्या साहाय्याने असे अभ्यासक्रम चालविण्याची योजना आणली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी मध्येच सुटली तरी एका वर्षाचे प्रमाणपत्र व दोन वर्षांची पदविका पदरी पडेल अशी तरतूद केली. कागदावर सर्व काही आहे.

प्रश्न आहे तो लोहाऱ्यासारख्या तालुक्याचा. बारावी झालेली मुलगी लातूरला वा सोलापूरला शिकायला गेली, तर तिच्या खर्चात शुल्क हा बहुधा सर्वांत लहान आकडा असतो. खोलीचे भाडे, खाणावळ, एसटीचे तिकीट आणि सोयाबीनच्या काढणीत घरची बुडालेली मजुरी हा खरा खर्च. त्यात पोर एकटी परगावी राहणार, या धास्तीची किंमत कोणी मांडत नाही. शिष्यवृत्ती शुल्क भरते, अंतर भरून काढीत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारीबरोबर याच तालुक्यातील सास्तूर उद्ध्वस्त केले, तेव्हा भूकंपाला टिकणारी घरे बांधण्यासाठी गवंड्यांना नव्याने शिक्षण द्यावे लागले. संकट आले की ते शिक्षण गावापर्यंत पोहोचते. एरवी गवंडी, वायरमन, परिचारिका, ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांचे ज्ञान आणि महाविद्यालयाची इमारत यांची गाठ पडत नाही. आणि जेथे अल्प मुदतीचे अभ्यासक्रम निघतात, तेथे हिप्परग्याचा जुना पेच उभा राहतो. सहा महिन्यांचे प्रमाणपत्र हाती आलेल्या मुलाला कारखानदार ओळखत नाही आणि पदवीचे प्राचार्यही.

२२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत स्वामीजींचे देहावसान झाले. त्यांच्या शिष्याने, नरसिंह रावांनी, पुढाकार घेऊन पोचमपल्लीजवळ ग्रामीण तरुणांना हातचे उद्योग शिकविणारी संस्था त्यांच्या नावे १९९५ मध्ये उभी केली. अंबाजोगाईच्या ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयालाही त्यांचे नाव आहे, आणि १७ सप्टेंबर १९९४ रोजी नांदेडला स्थापन झालेल्या विद्यापीठालाही. नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे जिल्हे त्या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. धाराशिव जिल्हा येत नाही. त्यामुळे हिप्परग्याच्या मुलाला मिळणाऱ्या पदवीवर हिप्परग्याच्या मुख्याध्यापकांचे नाव नसते.