डॉ. जेम्स नेस्मिथ : हिशेबापलीकडचा प्रशिक्षक

माणसाच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना जग बहुधा जय-पराजयाचा ताळेबंद मांडते. ज्याच्या खात्यावर जय अधिक तो थोर आणि ज्याच्या खात्यावर पराजय अधिक तो सामान्य, असा सरळ हिशेब केला जातो. परंतु काही जीवने अशी असतात की त्यांच्यापुढे हा ताळेबंदच अपुरा ठरतो. बास्केटबॉल या खेळाचे जनक आणि अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे पहिले बास्केटबॉल प्रशिक्षक डॉ. जेम्स नेस्मिथ यांचे जीवन या कोटीतील आहे.

जेम्स नेस्मिथ यांचा जन्म दि. ६ नोव्हेंबर १८६१ रोजी कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात आल्मॉन्ट या गावाजवळ झाला. घराणे मूळचे स्कॉटलंडचे. सन १८७० मध्ये विषमज्वराच्या साथीने आई आणि वडील दोघांचेही छत्र हरपले. तेव्हा जेम्स अवघे ९ वर्षांचे होते. प्रथम आजीने आणि पुढे मामांनी त्यांचा सांभाळ केला. शेतीची आणि घोड्यांची कामे करीत हा मुलगा वाढला. मध्येच शाळा सोडून त्यांनी काही वर्षे जंगलात लाकूडतोडीचे काम केले. परंतु शिक्षणाची ओढ स्वस्थ बसू देईना. बरोबरीची मुले पुढे निघून गेली असतानाही संकोच न बाळगता ते पुन्हा शाळेच्या बाकावर येऊन बसले आणि मॉन्ट्रिअल येथील मॅकगिल विद्यापीठातून सन १८८७ मध्ये पदवीधर झाले.

त्यानंतर धर्मोपदेशक होण्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे शिक्षण घेतले. त्याच वेळी मैदानही त्यांना खुणावीत होते. त्या काळी मैदानी खेळ हा उनाडांचा उद्योग समजला जाई. धर्मशास्त्राचा हा विद्यार्थी खेळाच्या नादी लागून वाया जाणार, या काळजीने सहाध्यायी त्यांच्यासाठी प्रार्थना करीत. एकदा सामन्याच्या भरात एका खेळाडूच्या तोंडून अपशब्द निघाले. शेजारी नेस्मिथ आहेत हे लक्षात येताच त्याने लागलीच त्यांची क्षमा मागितली. वास्तविक नेस्मिथ यांनी त्याला कधी उपदेश केला नव्हता. केवळ सोबत खेळणाऱ्याच्या आचरणाचा असा परिणाम होत असेल, तर मैदान हेसुद्धा चारित्र्य घडविण्याचे स्थान होऊ शकते, हा विचार त्यांच्या मनात तेथेच रुजला. धर्मपीठाऐवजी व्यायामशाळा त्यांनी निवडली. हा निर्णय त्यांच्या भगिनी ॲनी यांना रुचला नाही आणि त्यांनी भावाला अखेरपर्यंत क्षमा केली नाही. हे शल्य नेस्मिथ यांनी आयुष्यभर सोसले.

सन १८९० मध्ये ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षण विद्यालयात दाखल झाले. तेथील हिवाळा कडक असे. बाहेर बर्फ, आत त्याच त्या कवायती. विद्यार्थी पार कंटाळून गेले होते. १८ विद्यार्थ्यांच्या एका वर्गापुढे तर दोन शिक्षकांनी हात टेकले. विभागप्रमुख डॉ. ल्यूथर ग्यूलिक यांनी तो वर्ग नेस्मिथ यांच्याकडे सोपविला आणि छताखाली खेळता येईल असा नवा खेळ शोधण्यासाठी १४ दिवसांची मुदत दिली.

नेस्मिथ यांनी प्रथम प्रचलित मैदानी खेळच खोलीत खेळवून पाहिले. त्यातून दुखापतींखेरीज काही निष्पन्न झाले नाही. मुदत संपत आली, तेव्हा त्यांनी प्रश्नाच्या मुळाशी जाऊन विचार केला. खेळात धसमुसळेपणा का होतो? चेंडू घेऊन पळणाऱ्याला अडवावे लागते म्हणून. मग चेंडू हातात घेऊन पळण्यासच बंदी केली तर अडविण्याचे कारणच उरत नाही! दुसरा प्रश्न लक्ष्याचा. लक्ष्य समोर उभे असले की चेंडू जोराने मारला जातो. या ठिकाणी त्यांना बालपणीचा एक खेळ आठवला. मोठ्या शिळेवर ठेवलेला दगड दुरून दुसरा दगड फेकून पाडावयाचा, असा आपल्याकडील लगोरीची आठवण करून देणारा तो खेळ होता. त्यात जोराने मारणाऱ्यापेक्षा अलगद, कमानीसारखा दगड फेकणारा अधिक यशस्वी होई. तेव्हा लक्ष्य डोक्याच्या वर आणि आडवे ठेवले, तर तेथे बळ निरुपयोगी ठरेल आणि कौशल्यच कामी येईल, हे त्यांनी ताडले.

त्यांनी विद्यालयाच्या देखभाल करणाऱ्या सेवकाकडे दोन खोकी मागितली. खोकी नव्हती, पीच या फळाच्या दोन टोपल्या मिळाल्या. त्या सज्जाच्या कठड्याला जमिनीपासून १० फूट उंचीवर ठोकण्यात आल्या. ती उंची आजतागायत कायम आहे. १३ नियम टंकलिखित करून भिंतीवर लावण्यात आले आणि डिसेंबर १८९१ मध्ये ९-९ जणांच्या दोन संघांत पहिला सामना झाला. संपूर्ण सामन्यात चेंडू एकदाच टोपलीत पडला. परंतु हट्टी म्हणून गाजलेला तो वर्ग खेळ थांबविण्यास तयार होईना. या खेळाला नेस्मिथ यांचेच नाव द्यावे असे एका विद्यार्थ्याने सुचविले, तेव्हा त्यांनी ते हसण्यावारी नेले. नावाचा मोह त्यांनी धरला नाही, तसेच खेळाचे एकस्व घेऊन धन जोडण्याचाही विचार केला नाही.

याच विद्यालयात नेस्मिथ यांच्या सहवासात आलेले विल्यम मॉर्गन यांनी पुढे सन १८९५ मध्ये जवळच्या होलिओक गावी, मध्यमवयीन व्यापारी मंडळींना बास्केटबॉलची धावपळ झेपत नाही हे पाहून, जाळ्यावरून चेंडू टोलविण्याचा सौम्य खेळ तयार केला. तोच आजचा व्हॉलीबॉल. स्प्रिंगफील्ड येथेच शिकलेले हॅरी बक यांनी सन १९२० मध्ये मद्रास येथे शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय स्थापन केले आणि या परंपरेचा एक प्रवाह भारतातही येऊन पोहोचला.

नेस्मिथ यांचा सन १८९४ मध्ये मॉड शर्मन यांच्याशी विवाह झाला. पुढे डेन्व्हर येथे नोकरी सांभाळून त्यांनी वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले आणि सन १८९८ मध्ये डॉक्टर होऊन ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण आणि प्रार्थनासभा यांचे प्रमुख म्हणून रुजू झाले. तेथे त्यांनी बास्केटबॉलचा संघ उभारला. फेब्रुवारी १८९९ मध्ये झालेला पहिलाच सामना संघाने १६-५ असा गमावला. सन १९०७ पर्यंत त्यांच्या कारकिर्दीत संघाने ५५ सामने जिंकले आणि ६० गमावले. या विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल प्रशिक्षकांमध्ये जयांपेक्षा पराजय अधिक असलेले ते एकमेव होत. आणि तेच या खेळाचे जनक!

यामागे असमर्थता नव्हती, दृष्टी निराळी होती. हा खेळ खेळण्यासाठी आहे, डावपेच शिकविण्यासाठी नव्हे, असे त्यांचे मत होते. फॉरेस्ट ॲलन या त्यांच्या शिष्याला अन्य महाविद्यालयाकडून प्रशिक्षकपदाचे बोलावणे आले, तेव्हा या खेळालाही प्रशिक्षक लागतो काय, असे नवल करून ते हसले होते. पुढे याच ॲलन यांनी कॅन्सस विद्यापीठाला जवळजवळ ६०० विजय मिळवून दिले. गुरूचे मत एक, शिष्याचा मार्ग दुसरा; तरीही परस्परांविषयीचा आदर टिकून राहिला.

सन १९३३ मध्ये जॉन मॅकलेंडन हा कृष्णवर्णीय विद्यार्थी विद्यापीठात आला. वर्णभेदामुळे त्याला संघात प्रवेश नव्हता. वृद्ध नेस्मिथ यांनी त्याला आपल्या छायेखाली घेतले आणि त्याच्या मार्गातील अडसर दूर करण्यासाठी आपले वजन खर्च केले. ज्याला मैदानावर उतरू दिले नाही, त्याच मॅकलेंडन यांनी पुढे टेनेसी येथील महाविद्यालयाचे प्रशिक्षक म्हणून सन १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे एका राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद मिळविले. हा विजय नेस्मिथ यांच्या ५५ विजयांत धरलेला नाही.

सन १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉलचा प्रथमच समावेश झाला. ७४ वर्षांच्या नेस्मिथ यांच्याजवळ प्रवासापुरतेही द्रव्य नव्हते. तेव्हा देशभरच्या प्रशिक्षकांनी सामन्यांच्या उत्पन्नातून निधी जमवून त्यांना तेथे पाठविले. नाना देशांचे संघ आपला खेळ खेळताना त्यांनी डोळे भरून पाहिले. अंतिम सामना भर पावसात, चिखल झालेल्या उघड्या मैदानावर झाला. त्यात त्यांच्या कर्मभूमीने, अमेरिकेने, त्यांच्या जन्मभूमीवर, कॅनडावर १९-८ असा विजय मिळविला.

सन १९३७ मध्ये ते सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षी पत्नी मॉड यांचे निधन झाले. दि. २८ नोव्हेंबर १९३९ रोजी लॉरेन्स येथे वयाच्या ७८ व्या वर्षी डॉ. नेस्मिथ यांनी इहलोकीची यात्रा संपविली. सन १९५९ मध्ये स्थापन झालेल्या स्प्रिंगफील्ड येथील बास्केटबॉल कीर्तिमंदिराला त्यांचेच नाव देण्यात आले. डिसेंबर २०१० मध्ये ते १३ नियम लिहिलेली दोन मूळ पाने न्यूयॉर्क येथे लिलावात ४३ लाख डॉलरहून अधिक किमतीस विकली गेली. आज ती पाने कॅन्सस विद्यापीठात जतन केलेली आहेत. ज्या विचाराचे त्यांनी स्वतः मोल घेतले नाही, त्याच्या कागदाला एवढे मोल आले!

पाच विजय कमी पडले म्हणून नेस्मिथ यांचे खाते तुटीचे ठरते काय? जगभर ज्या ज्या अंगणात, शाळेत आणि मैदानात आज मुले उंच कड्याकडे चेंडू फेकतात, तेथे तेथे त्यांची जमा वाढतच आहे. स्वतःचा विजय मोजण्यापेक्षा दुसऱ्यांना खेळावयास मैदान मोकळे करून देणे अधिक मोलाचे, हाच त्यांच्या जीवनाचा बोध होय.