पेशी वाढवणाऱ्या कमलताई

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ चा, पुण्यातला. हुजूरपागा, मग फर्ग्युसन कॉलेज. वडील दिनकरराव तिथेच जीवशास्त्र शिकवायचे. मुलीने डॉक्टर व्हावं आणि डॉक्टरशीच लग्न करावं, ही त्यांची इच्छा. लेकीने दोन्ही केलं नाही! १९३९ मध्ये गणितज्ञ जयसिंग रणदिव्यांशी लग्न केलं आणि १९४३ मध्ये सीताफळाच्या कुळातल्या झाडांच्या पेशींवर एमएस्सी केलं. लग्न झालं की बाईचं शिक्षण थांबायचं, असा तो काळ. इथे नवऱ्यानेच अभ्यासाला हातभार लावला. मला तर हे फार आवडतं.

मुंबईत डॉ. खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएचडी झाली. मग अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे त्या पेशी काचेत जिवंत वाढवायला शिकल्या. त्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय बाईच्या पेशी वाढल्या, तिला न विचारता घेतलेल्या. पेशी जगल्या, ती मात्र त्याच वर्षी गेली, कर्करोग अंगभर पसरून.

या पसरण्याचीच तर खरी धास्ती. गाठ काढली ना, मग हाडात कशी आली, असं माझी मावशी विचारायची. तेव्हा कुणी तिला नीट सांगितलं नाही. मैत्रिणींनो, प्रत्येक पेशीच्या आत प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा असतो. शेजारणीला घट्ट धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन बऱ्याचदा कमी होतं, व्हायमेंटिन वाढतं, ॲक्टिनच्या धाग्यांची मांडणी बदलते. एका जागी बसलेली पेशी मग पाय फुटल्यासारखी सरकू लागते, रक्तात शिरते आणि दुसरीकडे बिऱ्हाड थाटते.

हे शोध कमलताईंचे नव्हेत, बरं का. त्यांचं काम उंदरांमधल्या स्तनांच्या कर्करोगावर, त्यातल्या आनुवंशिकतेवर आणि संप्रेरकांवर होतं. पण मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. जिवंत पेशी अशी डोळ्यांसमोर वाढवता आली, म्हणून तर तिची चाल बघता येते.

१९६६ ते १९७० त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर आराम? छे! तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात राजूरला आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. २००१ मध्ये त्या गेल्या.

त्याआधी, १९७३ मध्ये, अकरा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली होती. संघटनेची वास्तू वाशीला आहे. तिथे नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह झालं आणि मुलांसाठी पाळणाघरही.