मिठाच्या खात्यातला कीटकवेडा

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात होटगी जंक्शनला पोहोचते. येथून एक लोहमार्ग विजापूर-गदगकडे वळतो, तर दुसरा वाडीच्या दिशेने पुढे जातो. निसर्गप्रेमींना होटगी ठाऊक आहे ती तेथील तलावामुळे. हिवाळ्यात या पाण्यावर पाहुणे पक्षी उतरतात आणि त्यांच्यामागोमाग लांब पल्ल्याच्या लेन्स घेतलेली मंडळीही येतात. ज्याच्या पिशवीत मॅक्रो लेन्स आहे, त्याला मात्र तलावाच्या काठापर्यंत जाण्याचीही गरज भासत नाही. माळावरच्या एखाद्या रुईच्या झुडपापाशी गुडघे टेकले की त्याचे अरण्य तेथूनच सुरू होते. रुईच्या पानाआड बिबळ्या कडवा या फुलपाखराचा काळ्या, पांढऱ्या आणि पिवळ्या पट्ट्यांचा सुरवंट पान कुरतडत असतो. पहाटेच्या गारव्याने आखडलेला चतुर अंगावर दव घेऊन काडीला बिलगलेला असतो. उन्हाने पंख तापेपर्यंत त्याला उडता येत नाही, आणि छायाचित्रकाराची वेळ तेवढीच असते.

मॅक्रो छायाचित्रण म्हणजे किडा जेवढा आहे तेवढीच त्याची प्रतिमा कॅमेऱ्यात उमटवणे. इतक्या जवळून पाहताना स्पष्ट दिसणारा थर जेमतेम मिलिमीटरभर खोलीचा उरतो. डोळा स्पष्ट आला तर पंख पुसट होतात आणि वाऱ्याची एक झुळूक आली की सारेच पुसट होते. म्हणूनच या छंदात यंत्रापेक्षा थांबण्याची सवय मोलाची ठरते. ही सवय अंगी बाणवून किड्यामुंग्यांचे जग वाचकांसमोर मांडणारा एक माणूस एकोणिसाव्या शतकात आपल्याच साताऱ्यात जन्मला होता. उघड्यावरच्या जिवंत कीटकाचे छायाचित्र टिपणे त्या काळातील जड कॅमेऱ्यांना आणि काचेच्या तबकड्यांना फार अवघड होते. त्याने हे काम डोळ्यांनी आणि लेखणीने केले. एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हे त्याचे नाव. वाचक त्याला ओळखत ते ‘ईहा’ या नावाने. ही केवळ त्याच्या नावातील तीन इंग्रजी आद्याक्षरे होती. पण संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा, प्रयत्न. योगायोगाने जुळलेला हा अर्थ त्याला शोभून दिसतो.

एटकेन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स एटकेन हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी होते. मुलाचे शिक्षण वडिलांनीच केले. त्या काळातील गोऱ्या अधिकाऱ्यांची मुले लहानपणीच विलायतेला पाठवली जात; एटकेन मात्र याच मातीत वाढले आणि इंग्लंड-स्कॉटलंडचे प्रत्यक्ष दर्शन त्यांना पुष्कळ पुढे, प्रौढपणी घडले. मुंबई विद्यापीठाची पदवी त्यांनी मिळवली. लॅटिन आणि ग्रीक या भाषांवर त्यांचे चांगले प्रभुत्व होते. १८७० ते १८७६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात ते लॅटिन शिकवत असत. पुढेही ते अध्यापनातच राहिले असते, तर एक विद्वान प्राध्यापक एवढीच कदाचित त्यांची ओळख उरली असती.

१८७६ मध्ये त्यांनी मुंबई सरकारच्या जकात व मीठ खात्यात नोकरी धरली. हे खाते काही निसर्ग-अभ्यासाचे नव्हे. मिठागरांवर देखरेख ठेवणे, कर वसूल करणे, चोरटी वाहतूक अडवणे, असे त्याचे काम. त्यांची नेमणूक झाली ती कच्छच्या छोट्या रणाच्या कडेला असलेल्या खाराघोडा येथे. जमिनीतून उपसलेल्या खाऱ्या पाण्याचे मीठ पिकवणारे, उन्हाने भाजून निघणारे हे ठिकाण. झाडी विरळ, करमणूक शून्य आणि सोबतीला धूळ. अशा ठिकाणी नेमलेला साहेब एक तर शिकारीच्या मागे लागे, नाही तर बदलीच्या अर्जांमागे. एटकेन यांनी आपल्या बंगल्याच्या भिंतींकडे, पडवीकडे आणि दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांकडे पाहण्यास आरंभ केला.

त्यातून १८८३ साली त्यांचे पहिले पुस्तक प्रसिद्ध झाले. आपल्या सरहद्दीवरच्या जमाती, अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. तेव्हाच्या इंग्रज वाचकाला सरहद्दीवरच्या जमाती म्हटल्यावर वायव्येकडील लढाऊ टोळ्या आठवत. एटकेन यांच्या जमाती म्हणजे घरातल्या मुंग्या, कोळी, वाळवी, ढेकूण, गांधीलमाश्या, पाली आणि बेडूक. खाराघोड्याला त्यांनी पुस्तकात धुळीचे गाव असे टोपणनाव दिले. लेखन विनोदी, चिमटे काढणारे. पण त्या विनोदाखाली बारीक निरीक्षण होते. फुलपाखरावर त्यांनी दोन प्रकरणे लिहिली. पहिल्यात त्याची शिकार आहे, हाती जाळी घेऊन धावणे आहे. दुसऱ्यात त्याचे चिंतन आहे. जाळीकडून नजरेकडे जाण्याचा हा प्रवास त्यांच्या साऱ्या आयुष्याचाच आराखडा म्हणावा लागेल.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ निसर्गप्रेमी एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठ जणांत दोघे मराठी होते. एक प्रार्थना समाजाच्या संस्थापकांपैकी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि दुसरे औषधी वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. एटकेन संस्थेचे पहिले मानद चिटणीस झाले आणि १८८६ च्या मार्चपर्यंत त्यांनी ती जबाबदारी सांभाळली. १८८६ च्या जानेवारीत संस्थेच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला, आर. ए. स्टर्नडेल यांच्यासह त्याचे संपादन एटकेन यांनी केले. ते नियतकालिक आजही चालू आहे. फावल्या वेळात किडे पाहणाऱ्या माणसांना आपली टिपणे नोंदवण्याची एक हक्काची जागा त्यामुळे मिळाली. छंदाचे ज्ञानात रूपांतर होण्यासाठी अशी जागा लागतेच.

पुढील काळात नोकरीने त्यांना उरण, रत्नागिरी, गोव्याची सरहद्द आणि कारवार असे फिरवले. यांपैकी कारवारचे दिवस सर्वांत फलदायी ठरले. तेव्हा मुंबई इलाख्यात असलेल्या उत्तर कानडा जिल्ह्यात त्यांना दोन जोडीदार लाभले. जे. डेव्हिडसन हे सनदी अधिकारी होते, तर टी. आर. बेल वन खात्यात होते. तिघांनाही आपापल्या कचेरीचे काम होते आणि तिघांनाही एकच वेड होते. त्या काळी हिंदुस्थानातील फुलपाखरे विद्वानांना माहीत होती ती बहुधा टाचणीला टोचलेल्या नमुन्यांच्या रूपाने. पंखांवरील ठिपके मोजून नावे दिली जात. पण ते फुलपाखरू अंडे कोठे घालते, त्याचा सुरवंट कोणते पान खातो, कोष कसा दिसतो, याची माहिती फारच थोड्या जातींबाबत होती. या तिघांनी सुरवंट शोधले, घरी आणून रोज ताजा पाला घालत वाढवले आणि कोषातून कोणते फुलपाखरू बाहेर पडते याची वाट पाहिली. १८९६ पासून संस्थेच्या नियतकालिकात उत्तर कानड्यातील फुलपाखरांवर त्यांची लेखमाला प्रसिद्ध झाली. आज एखादा हौशी छायाचित्रकार अमुक झाडावर तमुक फुलपाखराची अंडी शोधायला जातो, तेव्हा तो कळत-नकळत याच परिश्रमांचा लाभ घेत असतो.

एटकेन यांच्या नजरेचा एक नमुना सोलापूरकरांना विशेष जवळचा वाटेल. डाळिंब आणि द्राक्षे पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पिठ्या ढेकूण चांगलाच परिचित असतो. कापसासारख्या पांढऱ्या भुकटीने माखलेला हा किडा झाडाचा रस शोषतो. याच पिठ्या ढेकणांच्या थव्यात त्यांच्याचसारखी पांढरी पूड अंगावर घेऊन एक सुरवंट वावरतो आणि त्यांनाच खातो. बहुतेक फुलपाखरांचे सुरवंट पानांवर जगतात. हा मात्र मांसाहारी. नीळ फुलपाखरांच्या कुळातील, स्पाल्जिस एपियस असे शास्त्रीय नाव असलेल्या या छोट्या फुलपाखराच्या सुरवंटावर आणि कोषावर एटकेन यांनी १८९४ साली टिपण लिहिले. त्याचा कोष जेमतेम काही मिलिमीटरचा असतो. पण भिंगाखाली धरला तर त्यावर हुबेहूब माकडाचे तोंड दिसते. आज मॅक्रो छायाचित्रण करणाऱ्यांना या कोषाचे मोठे आकर्षण असते. शेतकऱ्याचा हा मित्र पिठ्या ढेकणांच्या गर्दीतून वेगळा ओळखायला मात्र कॅमेऱ्याच्या आधी सवयीचा डोळा लागतो.

१८९४ मध्येच कारवारच्या रानातील भटकंतीवर त्यांचे आणखी एक पुस्तक निघाले. १९०० साली मुंबईतील नेहमीच्या पक्ष्यांवरही त्यांनी पुस्तक लिहिले. दरम्यान वैद्यकशास्त्रात एक मोठी घटना घडली होती. १८९७ च्या ऑगस्टमध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे अ‍ॅनॉफिलीस डासाच्या शरीरात हिवतापाचे परजीवी सापडले. १८८३ च्या पुस्तकात एटकेन यांनी डासावर एक खुसखुशीत प्रकरण लिहिले होते. तो माणसाच्या मरणाचा वाहक आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. आता त्याच डासाकडे त्यांना गंभीरपणे वळावे लागले. गोव्याच्या सरहद्दीवरील जकात नाक्यांवर हिवतापाने माणसे हैराण झाली होती. १९०२ साली त्याचा शोध घेऊन उपाय सुचवण्याचे काम सरकारने एटकेन यांच्याकडे सोपवले. डबकी आणि ओढे धुंडाळताना त्यांना अ‍ॅनॉफिलीसची एक नवी जात सापडली. तिला त्यांच्याच नावावरून ‘एटकेनी’ हे नाव मिळाले. ज्या छंदाकडे साहेब लोक मौज म्हणून पाहत, तो अखेर खात्याच्या कामी आला होता.

एटकेन यांचे चरित्र लिहिताना एक गोष्ट झाकून ठेवता येत नाही. १८८९ साली त्यांनी बंगल्याच्या मागील बाजूस राहणाऱ्या नोकरचाकरांवर एक पुस्तक लिहिले. माळी, धोबी, आचारी, आया यांची शब्दचित्रे त्यात आहेत. निरीक्षण तेवढेच बारीक आहे, विनोदही तोच. पण किड्यांबाबत जी समजूत त्यांनी दाखवली, ती माणसांबाबत अनेकदा आढळत नाही. राज्यकर्त्याच्या खुर्चीवरून पाहणारी ती नजर आज वाचताना बोचते. ज्या मीठकराच्या वसुलीत त्यांचे आयुष्य गेले, त्याच कराविरुद्ध १९३० साली महात्मा गांधींनी दांडीयात्रा काढली, हेही विसरता येत नाही. जवळून पाहणे आणि समजून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, ही शिकवण त्यांच्या गुणांइतकीच त्यांच्या उणिवेतूनही मिळते.

१९०३ साली कराची येथे जकात व मीठ खात्याच्या वरिष्ठ पदावर त्यांची नेमणूक झाली. पुढे सिंध प्रांताच्या गॅझेटियरचे काम त्यांच्याकडे आले. १९०६ मध्ये ते निवृत्त झाले आणि एडिंबरोला राहायला गेले. आयुष्य उन्हात घालवलेल्या या माणसाला तेथील थंड, कुंद हवा मानवली नाही. १९०९ च्या एप्रिलमध्ये, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांचे विखुरलेले लेख १९१४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले.

आज कॅमेरे स्वस्त झाले आहेत. मोबाइलला लावता येणाऱ्या छोट्या भिंगानेही मुंगीचा जबडा टिपता येतो. या सोयीबरोबर काही मोहही आले. किडा हलू नये म्हणून त्याला शीतकपाटात गारठवणे, डिंकाने फांदीला चिकटवणे, कृत्रिम दव शिंपडणे, असे प्रकार केले जातात. अशा छायाचित्रात रंग भरपूर असतात, पण त्या जिवाच्या जगण्याविषयी एक अक्षरही नसते. याउलट, तारीख, ठिकाण, झाडाचे नाव आणि किडा काय करत होता याची दोन ओळींची नोंद असलेले साधेसुधे छायाचित्रही अभ्यासकाला उपयोगी पडते. एटकेन, डेव्हिडसन आणि बेल यांच्या टिपणांचे मोल याच नोंदींत आहे.

खाराघोड्याच्या रणात ज्याला पाहण्यासारखे इतके काही सापडले, त्याला होटगीच्या माळावर काय सापडले नसते? आपला माळ ओसाड आहे, येथे पाहण्यासारखे काही नाही, असे सोलापूर परिसरात सहज म्हटले जाते. पाऊस सरता सरता एखाद्या पहाटे उन्हाच्या आधी रुईपाशी जाऊन बसावे. पान तोडू नये, सुरवंटाला बोटाने डिवचू नये. तो खात असेल तर खाऊ द्यावे आणि आपण थांबावे. छायाचित्र मिळाले तर उत्तमच. न मिळाले तरी वहीत एक नवी ओळ नक्की लिहिली जाईल.