लोखंडी नांगर करणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर



आज मी तुम्हांला लक्ष्मणराव किर्लोस्कर यांची माहिती सांगणार आहे. आमच्या वर्गातल्या पुष्कळ मुलांनी राजे आणि पुढारी यांच्यावर लिहिलं आहे. मी एका कारखानदारावर लिहितो. कारण त्यांनी जन्मभर लोखंडाचं काम केलं, आणि माझे वडीलसुद्धा लोहार आहेत.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. त्यांच्या वडिलांचे नाव काशिनाथपंत. लहानपणी लक्ष्मणला पुस्तकापेक्षा चित्रं काढायला आणि यंत्रं बघायला फार आवडायचं. त्या काळी ब्राह्मणाच्या मुलानं हातोडी धरणं लोकांना कमीपणाचं वाटत होतं. पण त्यांचे मोठे भाऊ रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले.

तिथं एक मोठी अडचण आली. त्यांच्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखता येत नव्हते. रंगच ओळखू येत नसतील तर चित्रकार कसं होणार? दुसरा कोणी असता तर रडत घरी आला असता. पण लक्ष्मणराव यंत्रांची चित्रं काढायला शिकले. त्यात रंग लागत नाही, माप बरोबर लागतं. मग त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षकाची नोकरी मिळाली. तिथली यंत्रं हाताळून ते सगळं काम शिकले.

१८८८ साली दोघा भावांनी बेळगावला सायकलचं दुकान सुरू केलं. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स, म्हणजे किर्लोस्कर बंधू. लक्ष्मणराव मुंबईत सायकली विकत घेऊन पाठवायचे आणि रामूअण्णा बेळगावला विकायचे. तेव्हा सायकल लई महाग होती आणि चालवायला कुणाला येत नव्हती. म्हणून सायकल शिकवावी पण लागायची.

पुढं नोकरीत लक्ष्मणरावांची बढती व्हायची होती, पण ती एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्यांना वाईट वाटलं. त्यांनी नोकरी सोडली आणि ते कायमचे बेळगावला भावाकडे आले.

तिथं त्यांनी शेतकऱ्यांसाठी कडबा कापायचं यंत्र तयार केलं. आपण बैलापुढं अख्खी पेंढी टाकली तर तो पाला खातो आणि बुडखे तसेच ठेवतो. बारीक कापून टाकलं की सगळं खातो. चारा वाया जात नाही.

मग त्यांनी लोखंडी नांगर केला. लाकडी नांगरानं जमीन वरवर उकरली जाते. लोखंडी नांगर खोल जातो, माती पलटी करतो आणि हरळीची मुळं वर काढतो. पण शेतकरी नांगर घेईनात! लोखंडानं जमिनीला विष होतं असा त्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं गेली म्हणतात. तरी लक्ष्मणराव शेतकऱ्यांवर रागावले नाहीत आणि त्यांनी नांगर करायचं सोडलंही नाही. हळूहळू लोकांना नांगराचा उपयोग कळला.

इतक्यात दुसरं संकट आलं. बेळगावात नवी वस्ती करायची होती म्हणून नगरपालिकेनं त्यांना कारखान्याची जागा सोडायला सांगितली. तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी मदत केली. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळ ३२ एकर माळरान दिलं आणि पैसेही कर्जाऊ दिले. तो माळ नुसता निवडुंगाचा आणि सापांचा होता. पाणी नाही, घर नाही. १० मार्च १९१० रोजी तिथं काम सुरू झालं. पंचवीस कामगार आणि त्यांची बायकापोरं बरोबर आली. राधाबाई, म्हणजे लक्ष्मणरावांच्या पत्नी, पण मुलं घेऊन त्या माळावर राहायला आल्या. त्या गावाला किर्लोस्करवाडी म्हणतात. ते आपल्या सांगली जिल्ह्यात आहे.

किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी शिवाशिव पाळू दिली नाही. तुरुंगातून सुटून आलेल्या माणसांना कोणी काम देत नव्हतं. लक्ष्मणरावांनी त्यांनाच रात्रीच्या पहाऱ्याला ठेवलं. मला ही गोष्ट सर्वांत आवडली.

१९१४ ते १९१८ या काळात पहिलं महायुद्ध झालं. परदेशातून लोखंड येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या. त्या वितळवून नांगर केले. तोफेनं माणसं मरतात आणि नांगरानं जगतात, असं माझ्या मनात आलं.

त्यांचे थोरले चिरंजीव शंतनुराव यांना त्यांनी अमेरिकेला इंजिनियर व्हायला पाठवलं. ते १९२६ साली शिकून परत आले आणि वडिलांच्या कामाला लागले. भाऊ, मुलं, पुतणे सगळे मिळून कारखान्यात खपले, म्हणून कारखाना वाढला.

आता आमच्या गावात ट्रॅक्टर आले आहेत. माझ्या वडिलांकडं फाळ शेवटायला पूर्वीसारखी माणसं येत नाहीत. विळे आणि कुऱ्हाडी येतात. काही मुलं माझे काळे हात बघून हसतात. त्यांना मी सांगतो, की ज्यांचं तिकीट भारत सरकारनं १९६९ साली टपालावर काढलं त्या लक्ष्मणरावांचे हात पण असेच काळे होत असतील. आणि आमचे वडील आता ट्रॅक्टरच्या नांगराचे दाते सरळ करायला शिकत आहेत. लोकांना जे लागतं ते करायला शिकायचं, हेच लक्ष्मणरावांनी केलं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव वारले. किर्लोस्करवाडीचा कारखाना आजही चालू आहे. तिथं पाण्याचे पंप तयार होतात. मुलांनो, तुमच्या विहिरीवरच्या पंपावरचं नाव एकदा वाचून बघा. ते किर्लोस्कर असलं तर मला येऊन सांगा.

अशा या कष्टाळू माणसाला माझे विनम्र अभिवादन.

इयत्ता चौथी