परसातल्या दुर्बिणीने तेजोमेघ टिपणारा कॉमन

अँड्र्यू एन्स्ली कॉमन यांचा धंदा नळ आणि सांडपाण्याच्या कामांचा. जन्म १८४१ चा, इंग्लंडमधील न्यूकॅसलचा. वडील शस्त्रवैद्य होते. पण ते लवकर गेले आणि पोराला कमी वयातच कामाला लागावं लागलं. दहा वर्षांचा असताना आईने एका डॉक्टरांकडून दुर्बीण मागून आणली होती. तो नाद मात्र सुटला नाही.

धंद्यात जम बसल्यावर लंडनजवळच्या ईलिंगमधील घराच्या परसात त्यांनी १८७९ मध्ये ३६ इंची आरशाची दुर्बीण उभारली. आरसा जॉर्ज कॅल्व्हर यांच्याकडून घडवून घेतला, सांगाडा मात्र स्वतःच्या डोक्यातला. पृथ्वी फिरते म्हणून तारे सरकतात. फोटो हलायला नको असेल तर एवढं धूडही ताऱ्यांच्या मागोमाग सावकाश फिरायला हवं. कॉमन यांनी त्याचा आस चक्क पाऱ्यावर तरंगता ठेवला. घर्षणच कमी! पाइपांशी आयुष्य घालवलेल्या माणसालाच हे सुचावं.

मृग नक्षत्रातल्या तीन ताऱ्यांखाली धुरकट ठिपका दिसतो, तो तेजोमेघ. तोवर अभ्यासक त्याची चित्रं हातानेच काढत आणि एकाचं चित्र दुसऱ्याशी जुळत नसे. मग ढग बदलला की काढणाऱ्याचा हात, हे ठरवणार कसं? अमेरिकेत हेन्री ड्रेपर यांनी १८८० मध्ये त्याचा पहिला फोटो घेतला, पण १८८२ मध्ये ते वारले. ३० जानेवारी १८८३ च्या रात्री कॉमन यांनी कोरडी प्लेट ३७ मिनिटं उघडी ठेवली. डोळ्याला न दिसणारे तारेही काचेवर उतरले. पुढच्याच वर्षी रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने सुवर्णपदक दिलं.

एवढ्यावर थांबते तर कॉमन कसले? ती दुर्बीण एडवर्ड क्रॉसली यांना विकून त्यांनी ६० इंची आरसा घासायला घेतला. पहिला सदोष निघाला, दुसरा केला. पण एका रात्री उंच मचाणावरून ते पडता पडता वाचले. ही दुर्बीण पुढे फारशी वापरात आलीच नाही. नंतर ते तोफा-बंदुकांच्या नेमदुर्बिणींकडे वळले.

जून १९०३ मध्ये ईलिंगलाच त्यांचं निधन झालं. जुनी ३६ इंची तेव्हा कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत होती, आणि जेम्स कीलर यांनी तिच्यातून तेजोमेघांचे कितीतरी फोटो घेतलेले होते.